नावाआधीचा पाळणा

"दोरी हळू, गोदे. आत लेकरू हाय, दगुड न्हाय."

चाळीत पाळणे गाणाऱ्या गोजरबाईंचा हा आवाज गोदाकाकूंच्या कानात अजून तसाच आहे, थोडा घोगरा, थोडा हसरा. तेव्हा गोदी परकर-पोलक्यातली होती. विणकरांच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या चाळीत कुणाकडे बारसं निघालं, की पाळण्याची दोरी धरायला सगळ्यांत आधी तीच धावायची. गोजरबाई पाळणा गायच्या, गोदी मागून म्हणायची. आपला आवाज आज छान लागलाय असं वाटलं, की दोरीला आपोआप जोर यायचा. पाळणा भिंतीला टेकायला जायचा, बाळंतीण "अगं अगं" करत उठायची, आणि गोजरबाई गाणं न मोडता, त्याच सुरात, दोन ओळींच्या मधे ते वाक्य बसवायच्या. बायका हसून लोटपोट. गोदीचे कान लाल.

गोदीची पुढं गोदाकाकू झाली. शाळेत पोरांना कविता शिकवता शिकवता त्या निवृत्तही झाल्या. पण पेठेत कुणाकडे बाळ आलं की घर मराठी असो, तेलुगू असो, कानडी असो, निरोप त्यांच्याकडे यायचा. काकू नुसता पाळणा म्हणत नसत, रचत. आईचं माहेर कुठलं, बाप काय करतो, बाळ दिवसा झोपतं की रात्री, सगळं विचारून घ्यायच्या. मग शेंगा फोडायला बसायच्या. खालच्या गल्लीत यंत्रमाग चालू असायचे, त्या खटखटीवर ओळी आपसूक पाय टाकत यायच्या. टरफलांचा ढीग वाढेल तसं गाणं वाढायचं.

आणि त्यात एक खास मान होता. या भागात पुष्कळ घरांत पाळणा आधी आणि नाव मागून, अशी रीत आहे. गाणं शेवटच्या कडव्याशी येऊन थांबतं. आत्या वाकते, बाळाच्या कानाशी कुर्र करून नाव सांगते, बायका तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात, आणि मग शेवटच्या कडव्यात ते नाव उघड गायलं जातं. तोवर नाव झाकलेलं. आजी-आजोबांनासुद्धा ताटकळावं लागतं. पण गाणारीला ते आधी सांगावंच लागतं, नाहीतर ती कडव्यात बसवणार कशी? त्यामुळे पेठेतल्या कित्येक पोरांची नावं जगात जायच्या आधी गोदाकाकूंच्या कानातून गेली होती. हा मान त्यांना फार आवडायचा. किती आवडतो, ते मात्र त्यांना अलीकडेच कळायला लागलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःशी एक खेळ मांडला होता. मनात 'मी' कधी डोकं वर काढते, ते बघायचं. भाजीवाल्यानं शेजारणीला कोथिंबीर जास्त दिली, की आली. लग्नात फोटोला कुणी कडेला उभं केलं, की आली. तिचं त्यांनी नावच ठेवलं होतं, मीबाई. नाकात ही मोठी नथ, खांद्यावर पदर घट्ट, येऊन दारात उभी राहणार आणि पहिलं वाक्य तेच, "मला पाट कुठाय?" काकू मनातल्या मनात म्हणायच्या, "आलीस का? बस कोपऱ्यात. चहा मिळायचा नाही." चहा नाही म्हटल्यावर मीबाई सहसा उठून जायची. काकूंना या खेळात आपण बऱ्यापैकी तरबेज झालो असं वाटत होतं.

मग त्यांच्याच घरी पाळणा हलला. मुलगा हृषीकेश आणि सून वैदेही यांना पहिलं बाळ झालं, मुलगा. वैदेहीचं माहेर लांब, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बाळंतपण आणि बारसं दोन्ही इथंच ठरलं. बाळ दवाखान्यातून घरी यायच्या आतच काकूंच्या डोक्यात पहिली ओळ येऊन बसली होती. दुसऱ्यांच्या नातवंडांना आयुष्यभर झुलवलं, आता आपल्या नातवाला. त्यांनी शेंगांचं अख्खं पोतं आणवलं.

एका दुपारी वैदेही बाळाला पाजून त्यांच्याशेजारी येऊन टेकली.

"आई, एक सांगू? बारशाला पाळणा मी पायलला म्हणायला सांगितलाय."

पायल म्हणजे वरच्या मजल्यावरची भाडेकरू. कानडी मुलखाच्या सीमेवरच्या दुधनीची मुलगी, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या नवऱ्याचे, पृथ्वीराजचे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग होते. तो सकाळी बाईकवर गेला की ती खाली यायची, बाळंतिणीला शेक-शेगडी करू लागायची, बाळाला मांडीवर घेऊन कानडीत काहीबाही गुणगुणायची.

"दरवेळी तुम्ही उभ्या राहून गाता आणि घामाघूम होता," वैदेही म्हणाली. "या वेळी तुम्ही आजी. नवी पैठणी नेसून पाळण्यापाशी बसा, दोरी धरा. गाऊ देत की दुसऱ्या कुणाला."

"बरं झालं की," काकू म्हणाल्या.

शब्द बरोबर होते. पण हातातली शेंग इतक्या जोरात फुटली, की दाणे उडून वैदेहीच्या पदरात पडले. दारात मीबाई उभी होती, आणि आज तिनं पाटही मागितला नाही. सरळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पायल खाली आली. केस ओलेच, कपाळावर कुंकू ताजं.

"काकू, जरा ऐकता का? आमच्याकडं कानडीतच जास्त म्हणतात. मराठीत पहिल्यांदाच जुळवलंय. हसू नका बरं का."

"हसायला काय झालं? म्हण."

पायल जमिनीवर मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि सुरू झाली.

पहिली दोरी आईच्या मायेची,
बाळावर धरल्या छायेची.
दुसरी दोरी बापाच्या कष्टाची,
ओजस राजाच्या हट्टाची.

काकूंचे हात टरफलात थांबले. ओजस. नातवाचं नाव ओजस. आत्यानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, उत्कर्षानं ठरवलेलं. रीतीप्रमाणे गाणारीला सांगितलेलं. आणि या घराच्या आजीला ते वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीकडून, असं ओझरतं, दुसऱ्या दोरीत कळत होतं.

पायलनं डोळे उघडले, हसून बघितलं. काकूंनी मान हलवली. नाव जणू कधीचं ठाऊक असल्यासारखी हलवली.

तिसरी दोरी आजीच्या ओवीची,
ओसरीला चढल्या जाईची.
चौथी दोरी आत्याच्या लाडाची,
चांदण्यात भिजल्या झाडाची.

आवाज असा, की नुकतं विरजण लागलेलं दूध. कुठं धक्का नाही, कुठं जोर नाही. प्रत्येक ओळ अलगद खाली ठेवलेली. चार दोऱ्यांचा पाळणा! इतक्या वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही?

"तिसऱ्या दोरीत तुम्ही आहात, काकू," पायल लाजत म्हणाली.

काकूंना ते कळलं होतं. आणखी एक गोष्टही कळली होती. नाव दुसऱ्याच दोरीत येत होतं. दुधनीला आधी आत्या नाव सांगते आणि मग पाळणा म्हणतात, हे त्यांना माहीत होतं. तिथं नाव कुठल्याही कडव्यात चालतं. इथं चालणार नाही. उत्कर्षा वाकायच्या आतच नाव सगळ्या घरभर होईल. एवढंच सांगायचं होतं, "पायल, नाव शेवटी ने गं." वाक्य दातांपर्यंत आलं.

"काही चुकलं नाही ना?" पायलनं विचारलं.

मीबाई कानाशी लागली. तुला कुणी विचारून ठरवलं का? नाव तरी सांगितलं का? मग आता तूच का निस्तरायचं?

"नाही," काकू म्हणाल्या. "छान आहे."

पायल उड्या मारतच जिना चढली. काकू तशाच बसून राहिल्या. खालचे माग खटखटत होते, पण त्यावर एकही ओळ चालत येईना. आपण काय केलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि दिसूनही उठवत नव्हतं. खेळाचा हा भाग त्यांना नवा होता. संध्याकाळी सांगू म्हणाल्या. संध्याकाळी पृथ्वीराज घरी असेल, नको. सकाळी सांगू म्हणाल्या. सकाळी उत्कर्षा पुण्याहून आली, तिच्या बॅगा, तिची बडबड, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घालणं, दारात मांडव. पायल दहादा समोरून गेली. काकूंनी दहादा तिला काहीतरी काम सांगितलं.

बारशाची दुपार झगझगीत होती. पुढच्या खोलीतून माणूस हलू नये इतक्या बायका. पाळण्याला झेंडूच्या माळा, आत पृथ्वीराजच्या कारखान्यातला मऊ पांढरा टॉवेल घडी करून घातलेला. काकू पैठणी नेसून पाळण्यापाशी, दोरी हातात. उत्कर्षा नवी साडी सावरत डोक्याशी उभी. तिचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत नाव नुसतं नाचत होतं. समोर कमलम्मा बसल्या होत्या. विणकर पद्मशाली समाजातली जुनी शेजारीण, सगळ्या पेठेची जीभ.

"काय गं आत्याबाई, नाव सांग की हळूच," कमलम्मा म्हणाल्या. "मी कुणाला सांगत नाही."

"कमलाक्का, तुम्हाला सांगितलं तर उद्या पेपरला देऊन पैसे कशाला घालवायचे?" उत्कर्षानं टोला दिला. खोली हसली.

पायल उभी राहिली. पदर खोचला. आणि तिनं सूर लावला, तसा सगळा कालवा आपोआप खाली बसला. पहिली दोरी आईच्या मायेची. वैदेहीच्या डोळ्यांत पाणी आलं. कमलम्मांची मान डोलायला लागली. काकू दोरी ओढत होत्या आणि पुढची ओळ येताना बघत होत्या, रस्त्यावर पोर मधेच धावत यावं तशी.

ओजस राजाच्या हट्टाची.

"अय्यो!" कमलम्मा. "नाव फुटलं की गं!"

खोलीत कुजबूज पसरली. "ओजस का?" "आत्याच्या आधीच?" "अगं, असं कसं?" उत्कर्षाचा चेहरा लहानपणी फुगा हातातून सुटल्यावर व्हायचा तस्सा झाला. पायलनं एकीकडून दुसरीकडे बघितलं. तिला आधी कळेचना, मग कळलं. तिचा आवाज मधेच तुटला. तोंडावर हात गेला.

आणि त्या क्षणी काकूंच्या आत काहीतरी गोड हललं. त्यांनी ते पाहिलं. बघा, कुणाला बसवलंत माझ्या जागी. अगदी असंच्या असं, नथ हलवत, मीबाई बोलली. पाळण्यात बाळ जागं होतं, झेंडूच्या माळेकडे टक लावून. समोर एक पोरगी भर बायकांत एकटी उभी होती. माहेर लांब, जीभ कानडी, सगळी खोली तिच्याकडे बघतेय.

काकूंनी मीबाईला ऊठ म्हटलं नाही. बस म्हणाल्या, तू बस, मला काम आहे. आणि पायल जिथं थांबली होती तिथूनच, तिच्याच चालीत, त्यांनी ओळ उचलली.

ओजस म्हणावं का शिवू म्हणावं,
राजाला बाई गं काय म्हणावं?
सिद्धू म्हणावं का बाळू म्हणावं,
आत्याच्या मनातलं कुणी जाणावं?

कुजबूज थांबली. काकू पैठणीनिशी उठून उभ्या राहिल्या, दोरी हातातच, आणि कमलम्मांकडे हात केला.

"सांगा की, कमलाक्का, तुम्ही काय म्हणता?"

कमलम्मांना अशी संधी कुणी देऊ नये. त्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"आमच्या मालकांचं ठेवा! संगप्पा!"

"बाळ घाबरेल हो कमलाक्का!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि खोलीत हशा फुटला. काकूंनी तेही गाण्यात घेतलं.

संगप्पा म्हणावं का अजिनाथ म्हणावं,
हसऱ्या गालाला काय म्हणावं?

"कोंडीबा!" "अगं, ते आजोबांचं नाव झालं." "मग काय झालं, आजोबाच परत आलेत!" एकेक नाव उडत यायला लागलं, आणि काकू एकेक झेलून ओळीत ठेवू लागल्या. ओजस त्या गर्दीत केव्हाच मिसळून गेला होता, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. मागं बसलेल्या बायकांना वाटलं, गाणं असंच होतं. पाहुण्यांना तर खात्रीच वाटली.

काकूंनी पायलकडे बघितलं, डोळ्यांनीच विचारलं, येतेस? तिचा सूर आधी पातळ आला, मग भरला. तिसरी दोरी दोघींनी मिळून म्हटली. चौथी तिला एकटीलाच सोडून काकू खाली बसल्या. आत्याच्या लाडाची ओळ आली आणि गाणं थांबलं. उत्कर्षा वाकली. आता तिच्या चेहऱ्यावर खट्याळ हसू होतं, कारण एवढ्या नावांतून खरं कुठलं, हे अजून तिच्याच ओठांत होतं.

"कुर्रर्र... ओजस!"

तिच्या पाठीत गुद्द्यांचा पाऊस पडला. कमलम्मांचे दोन जास्त. "मी म्हणतच होते!" त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, "ओजसच असणार म्हणून!"

मग घुगऱ्या, पेढे, ओट्या. बायका जायला निघाल्या, तरी काकूंभोवतीचं कोंडाळं हलेना.

"काकू, लाज राखलीत हो घराची."

"उगीच म्हणते का मी, पाळणा गोदाकाकूंनीच म्हणावा!"

"इतक्या पटकन सुचतं कसं तुम्हाला?"

वैदेही जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, तुम्हालाच सांगायला हवं होतं मी." उत्कर्षानं मागून गळ्यात हात टाकले. हे सगळं काकूंना उन्हात बसल्यासारखं ऊब देत होतं. आणि ही ऊब कुणाला लागतेय, तेही त्यांना दिसत होतं. मीबाई एव्हाना पाळण्याहून उंच जागी जाऊन बसली होती. तिला पाट नव्हे, मखर मिळालं होतं.

पायल जिन्याच्या पहिल्या पायरीवर घुगऱ्यांची वाटी हातात धरून बसली होती. एक दाणाही खाल्ला नव्हता. कमलम्मांनी तिला हाक मारली.

"ए पोरी, इकडं ये! पाया पड काकूंच्या. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शीक, मग पाळणे म्हण."

पायल आली. डोळे लाल. सगळ्यांसमोर म्हणाली, "व्हय, माझीच चूक. इथली रीत मला विचारून घ्यायला पाहिजे होती. काकू नसत्या तर..." ती पाया पडायला वाकली.

एक वाक्य अगदी तयार होतं. असू दे गं, होतं असं. ऐकायला गोड, मायेचं, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बायका ते ऐकायलाच थांबल्या होत्या. ते ऐकून त्या समाधानानं घरी गेल्या असत्या, आणि गोदाकाकू किती मोठ्या मनाच्या, हे रात्रीपर्यंत सगळ्या पेठेला कळलं असतं.

काकूंनी पायलचे दोन्ही खांदे धरले आणि तिला वाकूच दिलं नाही.

"थांब. तू विचारलं होतंस."

"मी?"

"परवा, इथंच बसून. सगळा पाळणा म्हणून दाखवलास आणि विचारलंस, काही चुकलं नाही ना. मी नाही म्हणाले." काकूंचा आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा स्पष्ट होता. "नाव आधी येतंय, हे मला तेव्हाच कळलं होतं, पायल."

कमलम्मांचा घुगऱ्यांचा हात तोंडापाशी थांबला. उत्कर्षानं आईच्या गळ्यातले हात काढले नाहीत, पण ते सैल झाले.

पायलच्या कपाळावर एक आठी उमटली. रागाची असेल, नसेलही.

"मग बोलला का नाहीत, काकू?"

काकूंनी तिचे खांदे सोडले नाहीत.

"इतकं गोड गात होतीस," त्या म्हणाल्या, "म्हणूनच नाही बोलले."